मोडेमसाठी ओळखचिठ्ठी

ज्या ठिकाणी कुणीही उठून जाऊ शकतो, त्या ठिकाणाला मान राहत नाही. हे देवाला लागू आहे, साहेबाला लागू आहे, आणि अलीकडे मोडेमलाही लागू झालेलं आहे.

मोडेम म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरून आलेली वायर घरात जिथे येऊन टेकते ती पेटी. या पेटीच्या पोटात एक पान असतं आणि त्या पानावर पेटीची प्रकृती लिहिलेली असते: वायरीतल्या काचेच्या धाग्यातून उजेड किती येतो, वाटेत किती गळतो, पेटी कधीपासून जागी आहे, वगैरे. आपल्याच घरातल्या, आपल्याच फडक्यानं पुसलेल्या, आपल्याच विजेवर चालणाऱ्या पेटीचं हे पान आपल्याला दिसू नये म्हणून जगभरातल्या हुशार माणसांनी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. त्यांतला सर्वांत यशस्वी उपाय म्हणजे मोडेमच्या पुढे आणखी एक पेटी बसवणं. तिला राउटर म्हणतात. घरातली सगळी यंत्रं राउटरला विचारतात, राउटर मोडेमला विचारतो, मोडेम जगाला विचारतो. मधल्याला वगळून कुणी पुढे जायचं नाही. ही रचना ज्याला सुचली, त्यानं कधीतरी आमच्या मागेलांग गावच्या वॉर्ड कचेरीत दाखला काढलेला असणार.

कारण आमच्याकडेही हीच पद्धत आहे. जन्म, मृत्यू, लग्न, घरबदल, कशाचाही कागद कचेरीतून हवा असेल तर आधी आपल्या गल्लीच्या मुखियाची ओळखचिठ्ठी लागते. मुखिया लिहून देतो की हा माणूस खरोखरच हा माणूस आहे. चिठ्ठीशिवाय आलेला माणूस कचेरीच्या लेखी अजून जन्मलेला नसतो, मग मेलेला कुठून असणार?

या कचेरीच्या खिडकीत पाक हार्सोयो एकतीस वर्षं बसले. (पाक म्हणजे बाप. इकडे प्रत्येक वडीलधारा पुरुष सगळ्यांचा पाक असतो आणि प्रत्येक बाई बू, म्हणजे आई.) निवृत्त होताना त्यांनी स्वतःच्या वहीवरून आकडे काढले होते. एकूण परत पाठवलेले अर्जदार, अकरा हजार चारशे बारा. पैकी चिठ्ठीशिवाय आलेले नऊ हजार सहा. चिठ्ठी होती पण शिक्का नव्हता, असे अठराशे एकाहत्तर. शिक्का होता पण उलटा, असे पाचशे चौतीस. राहता राहिला एक, ती त्यांची सख्खी सासू.

पण गंमत अशी की त्यांनी यांतल्या एकालाही 'नाही' म्हटलं नाही. आमच्याकडे 'नाही' म्हणणं असभ्य समजतात. आम्ही 'अजून नाही' म्हणतो. ऐंशी वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला विचारा, लग्न झालं का. तो लाजून 'अजून नाही' म्हणेल. पाक हार्सोयो तर 'अजून नाही' इतकं गोड म्हणत की माणूस परत जाताना आभार मानून जाई. आणि त्या अकरा हजार चारशे बारा लोकांपैकी एकानंही कधी तक्रार केली नाही. याला म्हणतात कारभार. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी स्वतःच हे वाक्य दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

तर अशा माणसाच्या घरी, मधल्या खोलीतल्या काचेच्या कपाटावर, त्यांच्या बायकोनं, बू पार्तिनाहनी, विणलेल्या पांढऱ्या रुमालावर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर दोन पेट्या बसल्या होत्या. मोडेम कंपनीनं दिलेला आणि राउटर जावयानं बसवलेला. जावई ब्राम आणि मुलगी निंग्रुम तैवानला जाण्याआधी ब्राम म्हणाला होता, "पाक, आता ओसरीपर्यंत वाय-फाय येईल." ते नुसतं ओसरीपर्यंत न थांबता गल्लीत सात घरांपर्यंत गेलं. पाक हार्सोयोंना त्याचा अभिमान होता. परवलीचा शब्द मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी ओसरीत बसवून चहा देत आणि मग नाव, घर नंबर आणि कारण लिहून घेत.

आता मुद्द्याची गोष्ट. निंग्रुमला सातवा महिना लागला होता. सातव्या महिन्यात आमच्याकडे मितोनी करतात. सात घरांचं पाणी एका घंगाळात घेतात, फुलं टाकतात आणि सात जण लेकीच्या डोक्यावर पाणी घालतात. पहिला तांब्या बापाचा. निंग्रुमला तैवानमधल्या ताइचुंगहून यायला डॉक्टरांनी मनाई केली होती. पहिलंच बाळ, आणि ती बापाची एकुलती एक. त्यामुळे असं ठरलं, की मितोनी पडद्यावरून करायची. इकडे बापानं घंगाळातलं पाणी एका केळीच्या रोपाच्या मुळाशी घालायचं आणि नेमक्या त्याच क्षणी तिकडे निंग्रुमनं आपल्या न्हाणीघरात आपल्या डोक्यावर तांब्या उपडा करायचा. वडीलधाऱ्यांनी दिवसही काढून दिला. शनिवार, सकाळी अकरा. तो चुकला तर पुढचा चांगला दिवस बाळाच्या बारशानंतर होता.

आधीच्या रविवारी रंगीत तालीम झाली. पाक हार्सोयोंनी तांब्या उचलला आणि पडद्यावरची निंग्रुम डोळे अर्धे मिटून, तोंड उघडं टाकून गोठली. त्यांना वाटलं, लेक भावुक झाली. ते थांबले. तिकडे चित्र हलत होतं आणि आवाज तुटत होता; इकडून 'घाला म्हणेपर्यंत थांब' असं सांगत होते, पण तिला प्रत्येक वेळी 'घाला' एवढंच ऐकू येत होतं. चित्र सुटलं तोपर्यंत तिच्या डोक्यावर तीन तांबे झाले होते आणि बापाचा एकही झाला नव्हता.

"पाक, अहो घाला ना एकदाचं!" ती शिंकत म्हणाली. "मी इकडे भिजून चिंब झाले."

पाक हार्सोयोंना त्या रात्री जेवण गेलं नाही. लेकीच्या पहिल्या मितोनीत बापाचा तांब्या चुकला तर माणसानं कुठे तोंड लपवायचं?

सोमवारी सकाळी त्यांनी कंपनीला फोन लावला. फोनवर देविता नावाची मुलगी होती. आवाज मधाळ.

"पाक, तक्रार नोंदवायला एक आकडा लागेल. मोडेमच्या पानावर उजेडाची पातळी लिहिलेली असते, उणे काहीतरी. तेवढी वाचून दाखवा."

"तुम्हाला तिथून दिसत नाही का ती?"

"दिसते ना, पाक. आत्ता समोरच आहे."

"मग?"

"आम्हाला दिसून चालत नाही. आधी ग्राहकाला दिसायला हवी. फॉर्मात तसा रकाना आहे."

पाक हार्सोयोंना या मुलीबद्दल एकदम माया वाटली. आजकालच्या पोरांत अशी शिस्त राहिली नाही, असं ते रोज ओसरीत म्हणत. ते त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतलं. चष्मा लावून ते संगणकापुढे बसले, मोडेमच्या पाठीवर छापलेला पत्ता लिहिला: एकशेब्याण्णव टिंब एकशेअडुसष्ट टिंब एक टिंब एक. पान उघडलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं, वीस मिनिटं. जोडलेली यंत्रं चौदा. त्यांत एकाचं नाव 'जुमादींचा टीव्ही'.

"पाक," देविता म्हणाली, "हे राउटरचं पान आहे."

"पत्ता मी मोडेमचा लिहिलाय."

"दोघांचा पत्ता एकच आहे. तुम्ही हाक मारली की जो जवळ असतो तो ओ देतो. तुमची हाक मोडेमपर्यंत जातच नाही."

दुसऱ्या कुणाला हे समजायला वेळ लागला असता. पाक हार्सोयोंना पटकन समजलं, कारण आमच्या गल्लीत चार नंबरची घरं दोन आहेत. एक गल्लीच्या तोंडाशी पाक जुमादींचं, जे सध्या आमचे मुखिया आहेत. आणि एक आत, कोपऱ्यावर, बू सारिनेमचं. पोस्टमन चार नंबर विचारतो, पाक जुमादी म्हणतात, मीच तो. त्यामुळे बू सारिनेमच्या नातलगांच्या लग्नपत्रिका गेली अकरा वर्षं पाक जुमादींकडे जातात आणि पाक जुमादी सहकुटुंब त्या लग्नांना जाऊन जेवून येतात. (एकदा तर त्यांनी वरपक्षाच्या वतीनं भाषणही केलं होतं. चांगलं झालं म्हणतात.) बू सारिनेमची समजूत अशी, की आपल्या माहेरी अलीकडे कुणी लग्नंच करत नाही.

"सोपं आहे, पाक," देविता पुढे म्हणाली. फोन लाउडस्पीकरवर होता, कारण पाक हार्सोयोंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. "राउटरचा नाद सोडा. मोडेमचं स्वतःचंही वाय-फाय असतं. पेटी उलटी करा. खाली चिकटपट्टीवर त्याचं नाव आणि परवलीचा शब्द लिहिलाय. मोबाइल थेट त्याला जोडा. दोन मिनिटांचं काम."

"थेट?"

"थेट."

स्वयंपाकघरात बू पार्तिनाह नारळ किसत होत्या. किसण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला. (वाचकांनी याची नोंद घ्यावी. पाक हार्सोयोंनी घेतली नाही.)

"मबाक देविता," ते खाकरून म्हणाले (मबाक म्हणजे ताई), "मध्ये राउटर बसलेला असताना मी परस्पर मोडेमकडे गेलो, तर राउटरला काय वाटेल?"

"राउटरला काही वाटत नसतं, पाक."

"असं खिडकीबाहेरच्या माणसाला वाटतं," पाक हार्सोयो म्हणाले आणि त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

दुपारी त्यांनी ब्रामला संदेश पाठवून रीतसर मार्ग विचारला. ब्रामचं उत्तर आलं: एक तर थेट जोडा, नाहीतर राउटरचा नंबर बदला, म्हणजे तो एकाचा सात करा, मग एक नंबर फक्त मोडेमचा राहील आणि तुमची हाक राउटर स्वतःहून पुढे नेऊन देईल. पण पाक, थेट जोडणं सोपं आहे.

शेवटचं वाक्य पाक हार्सोयोंनी वाचलं नाही. राउटर स्वतःहून पुढे नेऊन देईल! म्हणजे ओळखचिठ्ठीच की. पण मग आणखी एक विचार आला. राउटरशी जोडलेली यंत्रं चौदा, त्यांतली घरची पाच. म्हणजे नऊ यंत्रांचे मालक गल्लीतले. त्यांना न विचारता त्यांच्या राउटरचा नंबर बदलणं कुठल्या नियमात बसतं? कुठल्याच नाही. सबब मंगळवारी त्यांनी पाक जुमादींकडे तीन प्रतींत अर्ज दाखल केला.

"विषय: मौजे आमच्या घरातील राउटरचा क्रमांक एक रद्द करून क्रमांक सात देणेबाबत, तसेच सदर राउटरमार्फत मोडेमकडे जाण्यासाठी ओळखचिठ्ठी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर मोडेम हा अर्जदाराच्याच कपाटावर वास्तव्यास असून अर्जदाराचा व त्याचा अद्याप परिचय झालेला नाही."

पाक जुमादींनी अर्ज दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं.

"पाक, हे यंत्र गल्लीचं रहिवासी आहे का हो?"

"तीन वर्षं झाली. कुठे बाहेरगावी गेलेलं नाही."

"मग सभा लावावी लागेल," पाक जुमादी म्हणाले. दोघांनाही बरं वाटलं.

सभा बुधवारी दुपारच्या नमाजानंतर पाक हार्सोयोंच्याच ओसरीत भरली. आमच्याकडे मतदान करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. पहिल्या दिवशी स्वागत झालं, चहाच्या गोडीत काही उणं राहिलं असल्यास माफी मागून झाली आणि हा विषय गल्लीच्या कक्षेत येतो यावर एकमत झालं. गुरुवारी नंबरावर चर्चा झाली. दोन नंबर दिला तर राउटरची पायरी उतरल्यासारखं होईल, असं पाक जुमादी म्हणाले. तीन म्हणावा तर तिसरा आला की दोन भांडतात. शेवटी सातवा महिना, सात घरांचं पाणी, म्हणून साताला कुणी हरकत घेतली नाही. हे ठरत असताना समोरच्या खांबावर कुणीतरी शिडी लावलेली पाक हार्सोयोंना दिसली. शिडी लावणाऱ्यानं कुणाची परवानगी घेतली आहे का, हा मुद्दा त्यांनी पुढच्या महिन्याच्या सभेसाठी टिपून ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी निंग्रुमचा फोन आला तेव्हा चित्र एकदाही गोठलं नाही. शुक्रवारीही नाही.

"बघ," पाक हार्सोयो बायकोला म्हणाले, "नुसता अर्ज दाखल केला तर ही सुधारणा."

"हो ना," बू पार्तिनाह म्हणाल्या आणि खाली मान घालून मिरच्या निवडत राहिल्या.

पण सुरू केलेली कार्यवाही अर्धवट सोडायची नसते. आज चित्र नीट आहे, उद्या अकरा वाजता पुन्हा गोठलं तर? शुक्रवारच्या सभेत ओळखचिठ्ठी लिहून तयार झाली. फक्त शिक्का राहिला. आणि शिक्का होता पाक जुमादींच्या बायकोच्या पर्समध्ये, आणि पर्स बायकोबरोबर तेमांगुंगला.

"तेमांगुंगला काय आहे?" पाक हार्सोयोंनी विचारलं.

"लग्न," पाक जुमादी म्हणाले.

"तेमांगुंगला?" बू सारिनेम कौतुकानं म्हणाल्या. "माझी भाचीही तिकडचीच हो. लग्नाचं वय झालंय पोरीचं, पण घरचे मनावरच घेत नाहीत."

पाक जुमादींना एकदम ठसका लागला. त्यांनी शेंगदाण्यांची बशी बू सारिनेमपुढे सरकवली.

शनिवार उजाडला. सात घरांतून पाणी आलं, घंगाळात जाई आणि गुलाब तरंगू लागले, केळीचं रोप नवी ओढणी पांघरून मधल्या खोलीत उभं राहिलं. स्वयंपाकघरात बायकांनी रुजाक, म्हणजे फळांची तिखटगोड कोशिंबीर, कालवायला घेतलं. ओसरीत पुरुष चहा पीत होते. अकराला वीस मिनिटं असताना पाक जुमादींची बायको तेमांगुंगहून उतरली, पर्समधून शिक्का निघाला आणि ओळखचिठ्ठीवर बसला. (उलटा. पण पाक हार्सोयोंनी आयुष्यात पहिल्यांदा तिकडे काणाडोळा केला.)

"आता राहू द्या ना हो," बू पार्तिनाह स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "चित्र चांगलं दिसतंय. झाल्यावर करा काय करायचं ते."

"शिक्का झालाय," पाक हार्सोयो म्हणाले.

ते संगणकापुढे बसले. पाक जुमादी चिठ्ठी घेऊन शेजारी उभे राहिले, म्हणजे राउटरला दिसेल अशी. एकाचा सात केला, बटण दाबलं, आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझले.

ओसरीतला गलका थांबला. मधल्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर निंग्रुमची वाट पाहणारं चाक गरगरत होतं, तेही थांबलं. अकराला नऊ मिनिटं होती. पाक हार्सोयोंच्या कपाळावर घाम आला. रविवारी निदान गोठलेली का होईना, लेक दिसत तरी होती. आज त्यांनी स्वतःच्या बोटानं ती घालवली होती, तीही तीन सभांच्या एकमतानं. त्यांना एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की आपण उगाच काही करायला नको होतं.

दोन मिनिटांनी एक दिवा पेटला, मग दुसरा. पाक हार्सोयोंनी मोडेमचा पत्ता लिहिला. आणि काय आश्चर्य! राउटरनं हाक खरोखर पुढे नेली. मोडेमचं पान उघडलं. ओसरीतून "अल्हम्दुलिल्ला" असा आवाज उठला. पाक जुमादींनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

पानावर एकच ओळ होती. पाक हार्सोयोंनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मग आवाज हळूहळू खाली आला.

"आपला प्रवेश अजून होऊ शकत नाही. एक व्यवस्थापक आधीच आत आहेत. एका वेळी एकच व्यवस्थापक आत राहू शकतो. आत असलेलं यंत्र: बू पार्तिनाह यांचा मोबाइल."

मोठ्या पडद्यावर चाक पुन्हा गरगरायला लागलं होतं, पण माणूस येत नव्हतं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून, स्वच्छ, खणखणीत, जराही न तुटता निंग्रुमचा आवाज आला.

"आई, अगं पाक कुठेत? पाणी गार होतंय इकडे!"

पाक हार्सोयो उठले आणि आत गेले. मागोमाग अख्खी ओसरी. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला टेकवून बू पार्तिनाहचा मोबाइल उभा होता. त्यात निंग्रुम, साडेदहापासून बसलेली, रुजाकात गूळ किती घालायचा यावर बायकांशी वाद घालत होती.

"तू आत कधी गेलीस?" पाक हार्सोयोंनी बायकोला विचारलं.

"सोमवारीच. नारळ किसून झाल्यावर."

"चिठ्ठीशिवाय?"

"पेटीखाली लिहिलेलं होतं की. तेव्हापासून माझा मोबाइल थेट मोडेमलाच जोडलाय. दर शुक्रवारी उचलून पुसते मी ती. उणे एकोणतीस होता आकडा. त्या मुलीला सांगितला. गुरुवारी माणूस येऊन खांबावर चढला, तिथल्या डबीत मुंग्यांनी घर केलं होतं. आता उणे वीस आहे." बू पार्तिनाहनी पदरानं हात पुसले. "दूध उतू जातंय का बघावं तसा अधूनमधून बघते. मघाशी बघितला तो बंद करायचा राहिला, एवढंच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमच्या सभा चालू होत्या."

इतका वेळ दाबून धरलेलं हसू बू सारिनेमला आता आवरेना.

"अहो पाक, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता! माझे मालक गेले तेव्हा मृत्यूचा दाखला मागायला मी तीनदा तुमच्या खिडकीशी आले. तीनदा म्हणालात, अजून नाही. चौथ्या वेळेला मी मागच्या दारानं इथे, या चुलीपाशी आले. बूंनी कागद घेतला, तुमच्या डब्याच्या पिशवीत बाकीच्या कागदांच्या मधोमध सारला. संध्याकाळी शिक्का मारून परत."

"माझ्या थोरल्याचा जन्मदाखला," दुसरी एक बाई म्हणाली.

"आमचं घर नावावर झालं ते," तिसरी.

"माझं लग्न," पाक जुमादींची बायको म्हणाली आणि पाक जुमादी जमिनीकडे बघायला लागले.

पाक हार्सोयो उभेच राहिले. नऊ हजार सहा. एकाचीही तक्रार नाही. ते कुठे गेले असतील, असा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत कधी पडला नव्हता. आता उत्तर चुलीपाशी उभं होतं आणि त्याच्या हाताला रुजाकाचा वास येत होता. त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी प्रयत्नही केला. पण आलं ते काहीतरी दुसरंच, आणि ते डोळ्यांत आलं.

"पाक," मोबाइलमधून निंग्रुम म्हणाली, "तुमचे अकरा वाजले. मला थंडी वाजतेय हो. तुम्ही घालताय की मी आपली अंग पुसून जाऊ?"

कुणीतरी घंगाळ उचलून स्वयंपाकघरात आणलं, कुणी केळ आणली. बू पार्तिनाहनी तांब्या भरून नवऱ्याच्या हातात दिला. पाक हार्सोयोंनी बिस्मिल्ला म्हणून तो वाकवला, आणि दोन हजार मैलांवर त्यांच्या लेकीच्या केसांवरून पाणी ओघळलं, त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी. ती दचकली आणि हसली. मग म्हाताऱ्याला रडू आवरेना. रडत रडत त्यांनी दुसराही तांब्या घातला, जो त्यांचा नव्हता. कुणी हरकत घेतली नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी पाक जुमादींना थांबवून घेतलं आणि कोऱ्या कागदावर शेवटची ओळखचिठ्ठी लिहिली. "प्रमाणित करण्यात येते की, बू पार्तिनाह या खरोखरच बू पार्तिनाह असून त्यांस मोडेम, कचेरी व अन्य सर्व ठिकाणी कोणत्याही दारातून जाण्यास हरकत नव्हती." तारीख त्यांनी एकतीस वर्षांपूर्वीची घातली. बू पार्तिनाहनी चिठ्ठी वाचली, "बरं," म्हणाल्या आणि मोडेम एका बाजूला कलता बसत होता म्हणून घडी घालून त्याच्या खाली ठेवली. ती अजून तिथेच आहे.

आता वाचकहो, पाक हार्सोयोंना पुष्कळ हसून झालं असेल तर एक चौकशी. तुमच्याही घरात अशी पेटी असेल. तिच्या पानाचा पत्ता तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची कधी वेळही आली नाही, कारण तुमच्याकडे सगळं आपोआप सुरळीत चालतं: दिवे हिरवे असतात, फोन लागतात, कागद मिळतात, वेळेवर जेवण होतं आणि कुणाची तक्रार नसते. एकदा उठून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन या. जाताना मात्र ओळखचिठ्ठी बरोबर असू द्या. आतल्या माणसानं आपण कोण म्हणून विचारलं, तर पंचाईत नको.